आईनं डेअरीत नेलेलं सॅम्पल

आमचं दूध परत आलं की आम्हा भावंडांची चंगळ व्हायची. एरवी घरात दूध दिसायचं ते किटलीत, आणि किटली दिसायची ती दारातून बाहेर पडताना. न्हावऱ्याजवळच्या वस्तीवर एक म्हैस, एक गाय आणि दुसऱ्याच्या रानातली मजुरी, एवढ्यावर आमचं घर चालायचं. चहा कोरा असायचा. पण डेअरीवाल्यानं "फॅट बसत न्हाई" म्हणून दूध परत पाठवलं, की ते दुसरं कुणी घेत नसे. मग आई ते तापवून आम्हाला पेला पेला द्यायची आणि स्वतः चुलीकडे तोंड करून बसायची. शेजारीण म्हणायची, मजा हाय बाई तुमच्या पोरांची, दूध पित्यात. आम्ही दूध प्यायलो म्हणजे त्या दिवशी घरात तेल-मीठ येणार नाही, हे शेजारणीला माहीत नव्हतं. आम्हाला होतं. तरी आम्ही प्यायचोच.

एकदा आई डेअरीच्या खिडकीशी भांडली. मी सोबत होते, सातवीत असेन. ती म्हणाली, फॅट म्हंजी काय ते मला दाव तरी. आतल्या माणसानं हातातली काचेची नळी मागे ठेवली.

"तुला काय कळणार त्यातलं, आक्के? व्हय बाजूला."

आई बाजूला झाली. मी मात्र त्या नळीचा नाद सोडला नाही. शिरूरच्या कॉलेजात बी.एस्सी. केलं, विषय केमिस्ट्री. आमच्या घरात पदवी घेणारं पहिलं माणूस मी. हे मी अजूनही कुणी न विचारता सांगते आणि पुढेही सांगणार. त्या पदवीवर दौंड तालुक्यात, राहूजवळच्या एका चिलिंग सेंटरला लॅब केमिस्ट म्हणून लागले. चिलिंग सेंटर म्हणजे जिथं गावोगावच्या डेअऱ्यांचं दूध येतं, थंड होतं आणि टँकरनं पुढं जातं. आत घेण्याआधी ते तपासायचं काम माझं. लग्नही राहूतच झालं. नवरा रांजणगावला एका कंपनीत शिफ्टला. तो सकाळी घरी येई तेव्हा मी निघालेली असे, त्यामुळे आमची भांडणं कमी झाली.

आता फॅट म्हणजे काय ते सांगते, कारण आईला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. दुधातला सायीचा अंश म्हणजे फॅट. काचेच्या नळीत आधी अ‍ॅसिड घालायचं, मग मापानं दूध, मग थोडं अल्कोहोल. बूच लावून हलवलं की नळी चटका बसेल इतकी तापते आणि आतलं सगळं चॉकलेटी होतं. मग ती मशीनमध्ये घालून गरागरा फिरवायची. बाहेर काढली की वर पिवळ्या तेलाचा थर दिसतो. त्याची उंची नळीवरच्या रेघांवर वाचायची. गाईची साडेतीनच्या आसपास येते, म्हशीची सहा-सातच्या पुढं. संपलं. एवढ्यासाठी आईला बाजूला व्हायला सांगितलं होतं.

आणखी एक. या तपासणीत मशीन क्वचित चुकतं. चुकतं ते सॅम्पल. कॅनमध्ये साय वर येते आणि पातळ दूध तळाला राहतं. आधी दांड्यानं नीट ढवळलं नाही, तर वरचं घेणाऱ्याला म्हैस सापडते आणि तळाचं घेणाऱ्याला पाणी. रोज कुणीतरी माझ्या खिडकीशी येऊन म्हणायचं, "मॅडम, सॅम्पल चुकलंय." मी म्हणायची, "आप्पा, ज्याची फॅट कमी येती त्याचंच कसं चुकतं?" आप्पा पावती खिशात घालून निघायचे.

तर मला दिवस गेले. मॅनेजर साहेबांना रजेचं सांगितलं तेव्हा ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले.

"जानेवारी? मॅडम, जानेवारी म्हणजे फुल फ्लश."

फ्लश म्हणजे थंडीतला दुधाचा हंगाम. त्या दिवसांत म्हशी व्यालेल्या असतात, सेंटरला कॅन ठेवायला जागा नसते.

"साहेब, ते माझ्या हातात नाही."

"फेब्रुवारी एंडपर्यंत काही अ‍ॅडजस्ट?"

"म्हशीसुद्धा अ‍ॅडजस्ट करत नाहीत, साहेब. म्हणून तर फ्लश येतो."

रजा मिळाली. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजानं मी न्हावऱ्याला आले आणि शिरूरच्या एका दवाखान्यात मला मुलगी झाली. वजन दोन किलो सहाशे. वॉर्डातल्या आयाबाईंनी मी काय काम करते ते विचारलं. दूध तपासते म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मग काय, आता काम घरीच आलं तुमचं. सगळा वॉर्ड हसला. टाके दुखत असल्यामुळे मी हसले नाही.

तिथल्या डॉक्टरबाई चांगल्या होत्या. पहिला चीक बाळाला द्याच, असं आईला समजवायला त्या तयारीनं बसल्या होत्या. आईनं त्यांना मध्येच थांबवलं. चीक न पाजलेलं वासरू उभं तरी राहतं का, असं तिनं उलट विचारलं. डॉक्टरबाईंचं काम वाचलं. जाताना त्यांनी मला सांगितलं, छाती घट्ट झाली असेल तर पाजण्याआधी थोडं दूध हातानं काढून टाका, म्हणजे बाळाला धरता येईल. पाणी भरपूर प्या, असंही सांगितलं. हे दुसरं वाक्य आईनं दवाखान्याच्या पायरीवरच सोडून दिलं.

घरी आल्यावर माझी नोकरी, पदवी सगळं बाजूला पडलं आणि मी नुसती बाळंतीण झाले. कान बांधलेले. बाजेखाली शेगडी. शेपा-ओव्याच्या धुरीनं माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि अंगातून बाहेर जाणारं पाणी आईला चालायचं. आत जाणारं चालायचं नाही. ओवा घालून उकळलेलं पाणी वाटीनं मिळायचं, तेही मागितल्यावर. जास्त पाणी प्यायलं की पोट सुटतं आणि दूध पातळ होतं, असं तिचं म्हणणं. खायला मात्र हात सैल. डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, लसूण घातलेली बाजरीची भाकरी. मी एकदा म्हटलं, आई, म्हैस व्याल्यावर तू तिला एवढं घालत नव्हतीस. ती म्हणाली, म्हैस तोंड चालवत नव्हती.

पाजायला बसले की आई शेजारी बसायची. पोरगी जरा प्यायला लागली, घोट गिळल्याचा आवाज यायला लागला, की आईचा हात पुढं यायचा. बास, आता इकडं लाव, नायतर तिकडं दाटंल. पोरगी रडायची. दुसरीकडे लावलं की तिथं पुन्हा थोडा वेळ, पुन्हा हात पुढं. मग आई तिला खांद्यावर घ्यायची, पाठ थोपटायची आणि फिरायला लागायची. पोरगी दोन्हीकडचं पिऊन भुकेलीच. हिरवट शी करायची, पाय पोटाशी घेऊन किंचाळायची. मी लाडू खाऊन फुगत होते आणि ती वाळत होती.

सकाळी पाजण्याआधी मी डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणे थोडं दूध वाटीत काढायची. अंगावरचं दूध पायदळी जाऊ नये, म्हणून आई ती वाटी परसातल्या जास्वंदीच्या बुडाशी ओतायची. ते दूध दिसायला पातळ, निळसर. आई वाटी तिरकी करून बघायची, पण बोलायची नाही.

बोलल्या त्या माझ्या सासूबाई. बाळंतविडा घेऊन बघायला आल्या होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. मनानं वाईट नाहीत, पण त्यांच्या तोंडातून शब्द निघायच्या आधी कुठं थांबत नाही. त्यांनी नातीला उचललं, मांडीवर घेतलं, तिच्या दंडाची कातडी चिमटीत धरून पाहिली. मग आईकडे न बघता म्हणाल्या, "साऱ्या तालुक्याचं दूध तपासती आन् हिच्याच लेकीला दूध पुरंना व्हय?"

आई म्हणाली, "पुरतंय की, इहीणबाई. पोरगी जरा नाजूक हाय."

"आमच्यात कुणाची नाजूक न्हवती." त्यांनी जास्वंदीजवळची वाटीही पाहून ठेवली होती. "दुधात दमच न्हाई. बारशाला येते तवा पावडरीचा डबा आन् बाटली घिऊनच येते. पोरगी अशीच दिसली तर त्याच दिवशी वरचं दूध सुरू करायचं आन् मी तिला राहूला नेते. म्हशी हायेत माझ्या दावणीला."

घरात लगीनसराई होती म्हणून बारसं सव्वा महिन्यावर ढकललेलं होतं. तेवढीच मुदत.

मला त्या डब्याची धास्ती होती. वरचं दूध सुरू झालं की बाळ अंगावर कमी ओढतं, आणि ओढणं कमी झालं की दूध आटत जातं. त्यात उन्हाळा तोंडावर. दुधाच्या भांड्याच्या कडेला, बुचाच्या खाचेत किती जंतू वाढतात ते मी रोज लॅबमध्ये बघत होते. बाटलीच्या निपलमध्ये काय होत असेल ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. दोन-अडीच किलोच्या पोरीला जुलाब लागले असते तर काय, हा विचारसुद्धा मी पुरता करत नव्हते.

आईला लागलं ते वेगळंच. तिच्या हातच्या बाळंतपणाला इहीणबाईंनी नाव ठेवलं होतं. ती त्या दिवशी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात सलीम आला. सलीम मुलाणी, आमच्या गावच्या डेअरीचा टेस्टर. फॅट काढायचं ट्रेनिंग त्यानं माझ्याकडेच सेंटरला घेतलेलं. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष येत नाहीत, म्हणून तो उंबऱ्याबाहेर, पडद्याच्या पलीकडे उभा राहिला. मला फक्त त्याची चप्पल दिसत होती.

"मॅडम, एक विचारायचं होतं. म्हंजी सांगायचं होतं."

"बोल ना."

"एक पॉइंट आठ."

"काय एक पॉइंट आठ?"

चप्पल मागे सरकली. "तुमची फॅट, मॅडम."

मग त्यानं अडखळत सगळं सांगितलं. सकाळच्या रांगेत आई उभी होती. किटली दिली, आणि मग पदराखालून झाकणाची छोटी बाटली काढून म्हणाली, ही बी बघ जरा. सलीमला वाटलं, नवी गाय घेतली असेल. बाटलीत होतं ते टेस्टला कसंबसं पुरलं. त्यानं नळी फिरवली, वाचली, पुन्हा वाचली आणि खिडकीतून सगळ्या रांगेसमोर म्हणाला, "काकू, ह्यात निम्मं पाणी हाय."

पाणी घातल्याचा आरोप दुधाच्या रांगेत आईबापावरून दिलेल्या शिवीएवढा लागतो. त्यात खिडकी तीच होती. आई भडकली.

"पाणी कुठनं यील? तिला मी पाणी प्यायलाच देत न्हाई!"

सलीम म्हणाला, "काकू, गाईला पाणी पाजत न्हाई?"

"गाय कुणाला म्हणतूस रं? माझी सुरेखा हाय ती!"

सलीमच्या सांगण्याप्रमाणे रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. मग एक म्हातारे आबा होते, त्यांनी किटली खाली ठेवली आणि विचारलं, "मंग हे डेअरीच्या वहीत कुठल्या नंबरावर लिव्हायचं?" तिथून पुढं कुणालाच आवरलं नाही.

"मॅडम, मला म्हाईत न्हवतं," सलीम पडद्याला म्हणाला. "नळी मी वेगळी धुतली. दोनदा."

मला लाज वाटायला हवी होती. गावातला प्रत्येक दूध घालणारा आता माझी फॅट जाणत होता, आणि त्यातले निम्मे माझ्या सेंटरशी जोडलेले होते. पण खरं सांगते, माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं:

"सलीम, सॅम्पल चुकलंय."

पडद्यापलीकडे त्यानं चप्पल पुन्हा मागे घेतली. मग अगदी अदबीनं म्हणाला, "मॅडम, सगळेच असं म्हणत्यात." हेही त्याला मीच शिकवलेलं.

तो गेल्यावर आई आत आली. रडली असावी, पण कबूल करणार नव्हती. म्हणाली, तोंडानं कुणी काय बी म्हणतं, मला नक्की कळायला पाहिजे होतं. नळी खोटं बोलत न्हाई, हे तूच म्हणतीस ना? आता नळी बोलली. इहीणबाईंचं खरं हाय. तिनं लगेच पुढची तयारीही ठरवली होती. सुरुवातीला गाईचं, पाणी घालून.

मी तिला बाजेवर बसवलं.

"आई, म्हशीच्या पहिल्या धारा आन् शेवटच्या धारा सारख्या असतात का?"

"खुळी का काय तू? शेवटच्या धारा म्हंजी निवळ साय. म्हणून तर निपटून काढायचं."

"आन् तू नेलंस ते माझं कुठलं?"

तिनं कोपऱ्यातल्या वाटीकडे बघितलं. वाटीतलं दूध पाजण्याआधी काढलेलं. सगळं पहिल्या धारेचं. बाईमाणसाचं दूधही तसंच असतं. आधी पातळ, तहान भागवणारं, आणि बाळ पीत राहिलं की मागून घट्ट, पोट भरणारं. आई कॅनच्या तळाचं सॅम्पल घेऊन गेली होती आणि त्यावरून सगळा कॅन परत पाठवायला निघाली होती.

तेवढ्यात पोरगी उठली. मी तिला घेतलं. ती प्यायला लागली, घोटांचा आवाज यायला लागला, आणि आईचा हात पुढं आला. तेव्हा मला दिसलं. हा हात मी लहानपणापासून रोज बघत आले होते. गोठ्यात रेडकू सोडायचं, त्यानं दोन-चार ढुशा देऊन ओढलं, म्हैस पान्हावली, की याच हातानं रेडकू मानेला धरून मागं खेचायचं आणि खुंट्याला बांधायचं. मागचं दूध किटलीसाठी. ते रेडकानं प्यायलं तर घर चालत नव्हतं. इतक्या वर्षांची सवय, पान्हा आला की हात आपोआप उठायचा. सायीपर्यंत माझी पोरगी कधी पोचलीच नव्हती.

"आई," मी म्हटलं, "हे दूध डेअरीला घालायचं न्हाई. रेडकाला सगळं पिऊ दे."

आईचा हात तसाच हवेत राहिला. तिला समजायला वेळ लागला नाही. तिनं हात पदराखाली घेतला आणि त्यावरच बसली. खरोखर, हातावर बसली. पोरगी पीत राहिली. बऱ्याच वेळानं तिनं आपणहून सोडलं, तोंड उघडं टाकून मान मागं केली आणि झोपली. आई म्हणाली, "रेडकू बी असंच पडतं."

दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या. आमच्या उपकेंद्राच्या नर्स. बोलावल्या नव्हत्या, पण डेअरीच्या रांगेतली बातमी गावभर पोचायला दुपार लागत नाही. त्यांना त्यातलं एकच वाक्य महत्त्वाचं वाटलं होतं. आल्या आल्या आईसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. पाणी प्यायला देत नाही, असं भर रांगेत ओरडून सांगितलंत म्हणे? आई म्हणाली, दुधात पाणी जातं. सिस्टर म्हणाल्या, मावशी, व्यालेल्या म्हशीला हौदावर न्यायचं बंद करून बघा बरं, दूध घट्ट होतंय का बंद होतंय. आईनं याचाही हिशेब मनात केला असावा. संध्याकाळपासून माझ्या उशाशी तांब्या आला. मला तो तांब्या लग्नातल्या दागिन्यांपेक्षा देखणा वाटला.

सिस्टरांनी काटा आणला होता. झोळीत बाळ ठेवून टांगायचा. पोरगी पंधरा दिवसांची, वजन अडीच किलो. जन्मापेक्षाही कमी. पहिल्या आठवड्यात बाळ थोडं उतरतं, पण एव्हाना भरून यायला हवं होतं.  जाताना सिस्टर मला हळूच म्हणाल्या, दोन आठवडे देते, एका बाजूचं पूर्ण पिऊ द्या, मग दुसरी. नाही वाढलं तर मात्र शिरूरला दाखवायचं. मग हट्ट करायचा नाही. मी हो म्हटलं. ते दोन आठवडे मी पोरीच्या दंडाकडे बघण्यात काढले; शेवटी काटा थोडा चढला आणि शिरूर टळलं.

आईला मात्र दुसरी घाई होती. तिला रिचेक पाहिजे होता. फॅट कमी आली की शेतकरी दुसऱ्यांदा तपासायला लावतो, तो रिचेक. मी म्हटलं, आई, मरू दे ती फॅट. रेडकाला महिन्या-दोन महिन्यांत हुंदडायचं असतं, म्हणून म्हशीचं दूध तसं. आपल्या पोरीला वर्षभर नुसतं लोळायचंय, तिला म्हशीची फॅट पचायचीही नाही. आईला हे पटलं. पण ती म्हणाली, "साऱ्यांसमोर पाणी हाय म्हणला त्यो. साऱ्यांसमोर फिरवायला पायजे."

मी म्हटलं, ठीक आहे, पण या वेळी सॅम्पल मी काढणार. आणि नळी तू वाचणार.

"मला कुठं वाचता येतंय?"

"अक्षरं न्हाईत त्याच्यावर. रेघा हायेत."

शेगडीतला विझलेला कोळसा घेऊन मी भिंतीवर हातभर नळी काढली. मोठ्या रेघा, मधल्या बारीक रेघा. तेलाच्या थराचा खालचा काठ एका मोठ्या रेघेवर आणायचा, बूच दाबून. मग वरचा काठ कुठं येतो ते मोजायचं. नळी उभी धरायची आणि डोळा तिच्या समोर आणायचा, वरून-खालून बघितलं की आकडा बदलतो. आईनं आयुष्यभर भाकऱ्या, पेंढ्या, खुरप्याच्या ओळी मोजलेल्या. तिला दोन दुपारी पुरल्या. तिसऱ्या दिवशी तिनं मीच काढलेल्या नळीत एक रेघ राहिल्याचं दाखवून दिलं.

पोरगी पोटभर पिऊन झोपल्यावर मी शेवटचं दूध काढलं. वेळ लागला. आई बाटली घेऊन गेली ती सकाळच्या रांगेतच. मी घरी. पुढचं मला सलीमनं, त्या आबांनी आणि आईनं वेगवेगळं सांगितलं, आणि एवढ्यापुरतं तिघांचंही जुळलं.

सलीमनं आधी हात जोडले. आई हलली नाही. मग त्यानं टेस्ट लावली. मशीन फिरत असताना एरवी गप्पा चालतात, त्या दिवशी सगळे मशीनकडेच बघत होते. नळी काढून सलीम म्हणाला, "पाच पॉइंट पाच."

आईनं खिडकीतून हात घातला. "आण हिकडं."

"काकू, गरम हाय."

"आण."

तिनं नळी पदरात धरली, उभी केली, बूच दाबून थर रेघेवर आणला आणि डोळा समोर नेला. रांग थांबलेली. तिनं रेघा मोजल्या, ओठ हलवत.

"पाच पॉइंट सात," ती म्हणाली. "डोळा समोर आण, सलीम. तू वरनं बघतूस."

सलीमनं पुन्हा पाहिलं. पाच पॉइंट सात होती. आबांनी विचारलं, गाय का म्हैस? आई म्हणाली, "माणूस."

सव्वा महिन्यानं बारसं झालं. आत्याबाई राहूहून आल्या, शब्दाला जागून डबा आणि बाटली घेऊन. सिस्टरांनाही बोलावलं होतं. अंगण बायकांनी भरलेलं. पाळण्याच्या कडीलाच सिस्टरांनी काटा अडकवला आणि पोरीला झोळीत घातलं.  कॉलेजच्या निकालाच्या दिवशीही मी एवढी घाबरले नव्हते. काटा हलायचा थांबेना, कारण पोरगी पाय झाडत होती. आत्याबाई अगदी जवळ येऊन उभ्या राहिल्या.

"तीन किलो चारशे," सिस्टर म्हणाल्या.

आत्याबाईंनी पोरीला उचललं. दंडाची कातडी चिमटीत धरायला गेल्या, ती धरता येईना. घट्ट भरली होती. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे बघितलं.

"इहीणबाई, काय घातलंत हो हिला?"

"काय घातलं न्हाई," आई म्हणाली. "हात काढून घेतला."

आत्याबाईंना ते कळलं नाही आणि आईनं समजावलं नाही. डबा मात्र उघडला. बारशाला आलेल्या सगळ्या बायकांना त्या पावडरीचा चहा केला. चहा चांगला झाला होता. आत्याबाई दोन कप प्यायल्या आणि म्हणाल्या, पावडर बाकी चांगली निघाली.

रजा संपवून सेंटरला परत गेले, तेव्हा पहिल्याच दिवशी खिडकीशी एक आप्पा आले. मॅडम, सॅम्पल चुकलंय, असं म्हणाले. मागून कुणीतरी ओरडलं, आप्पा, मॅडमचं बी चुकलं होतं. मी कॅन आत आणायला लावला, ढवळला आणि पुन्हा तपासला. आप्पांची फॅट तेवढीच आली. पण ढवळून पाहावं. दूध असो, सून असो, आधी ढवळून पाहावं, मग आकडा सांगावा.

माझी मुलगी सहा महिने फक्त अंगावरच्या दुधावर वाढली. आत्याबाई तिला घेऊन दुपारी सेंटरला यायच्या, मी जेवणाच्या सुट्टीत पाजायची. मॅनेजर साहेबांनी त्यासाठी स्टोअररूमची किल्ली माझ्याकडे दिली. आणि आमच्या गावच्या डेअरीत तेव्हापासून फॅटची नळी खिडकीबाहेर देतात. ज्याचं दूध, त्यानं वाचायची. वाचता येत नसेल तर रांगेत आई असतेच.